मेळघाटात अॅम्ब्युलन्स दिली तर घरची बाळंतपणं थांबतील का?

तुमच्या ग्रुपने गाडीसाठी पैसे जमवलेत म्हणून स्पष्टच सांगते. कमी होतील, थांबणार नाहीत. चिखलदरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी बरीच वर्षं एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी सरकारी नर्स होते.

१०२ आणि १०८ च्या गाड्या आहेत, फुकट आहेत. पण फोन लावायला रेंज हवी, त्यासाठी कुणीतरी मोटरसायकल घेऊन टेकडी गाठतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी अलीकडे, बाई पलीकडे. त्यात तिसरं-चौथं बाळंतपण असेल तर कळा सुटल्यापासून मोकळं व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणजे बाई आधीच दवाखान्याजवळ असायला हवी.

सरकारला हे कळत नाही असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळची 'माहेरघरं' त्यासाठीच आहेत. दिवस भरत आले की येऊन राहायचं, जेवण मिळतं. फार चांगली कल्पना. घोडं अडतं तारखेवर. शेवटची पाळी कधी आली विचारलं की उत्तर येतं, "होळी झाल्यावर," नाहीतर "पोळ्याच्या आधी." त्यावरून मी दिवस मोजायचे. तो हिशेब पंधरा-वीस दिवस सहज इकडेतिकडे होतो. बाई येऊन आठवडा बसते, कळा नाहीत. घरी दोन लहान पोरं, बकऱ्या, निंदणीचे दिवस. ती निघून जाते आणि घरीच बाळंत होते. रजिस्टरात मात्र 'कुटुंबाचा नकार' एवढंच लिहिलं जातं, याचा मला अजून राग येतो.

शिवाय गाडी पोचते कुठे? आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, सिझर नाही. मूल आडवं असेल तर घाट उतरून अचलपूर, नाहीतर थेट अमरावतीचं डफरीन, म्हणजे बायकांचं सरकारी रुग्णालय. वार पडल्यावर रक्त थांबलं नाही तर दोन तासांतही बाई दगावू शकते, आणि हिमोग्लोबिन सहा-सातवर असलेल्या बाईला तेवढीही उसंत मिळत नाही. रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, तिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना थंडावा लागत नाही, म्हणून मला त्यांचा आधार वाटायचा.

दाईला वगळून काही करू नका. ती बरोबर चढली की बाई गाडीत बसते, हे मी खूपदा पाहिलंय.

पैसे खर्चायचेच असतील तर तिसऱ्या महिन्यात बाईला सोनोग्राफीला नेऊन आणायचा खर्च उचला. तेव्हा केली तर तारीख बरीच नेमकी कळते. माहेरघरात सासू आणि लहान पोरासाठी आणखी एक खाट, त्यांचं जेवण, एवढं बघा. तरीही गाडीच द्यायची असेल, तर पाच वर्षांचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार कोण देणार हे आधी लिहून घ्या.