पोटानंच घात केला का?

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार), झालेल्यांकडून हल्ली एकच वाक्य वारंवार ऐकू येतं: "मॅडम, आतड्याचं अस्तर फाटलं म्हणून झालं म्हणे." राजारामपुरीतून आलेल्या या ताईही तेच म्हणाल्या. हातात दोनशे पानी वही. तारीख, वेळ, काय खाल्लं, पोट कसं होतं, पायाला मुंग्या किती. गहू बंद, दूध बंद, डाळी बंद. मिसळीचं तर नावच नको. वजन ६ किलोनं उतरलेलं.

"आत्या म्हणतात, बाहेरचं लई खाल्लंस, त्याचंच हे."

भीतीनं माहितीची जागा घेतली की नुसता धीर टिकत नाही, त्यामुळे आधी माहिती. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. पेशींमधले सांधे सैल झाले, तर जिवाणूंचे अंश आत झिरपून प्रतिकारशक्तीला चिथावू शकतात. एमएसच्या काही रुग्णांत असा सैलपणा आढळलाय. २०१७ साली एकाला एमएस आणि दुसऱ्याला नाही अशा जुळ्यांच्या आतड्यातले जिवाणू उंदरांत सोडले. एमएसवाल्याचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत तसला आजार जास्त झाला. मात्र ते उंदीर मुळातच त्या आजाराकडे झुकणारे होते. माणसांत सैलपणा आधीचा की आजारानं आलेला, हे अजून सुटलेलं नाही. शिवाय २०२२ च्या अमेरिकी लष्करातल्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट दिसला. मिसळीवर खटला चालवायला पुरावा नाही.

ताईंनी मान डोलावली, पण वही मिटली नाही. चौथ्या भेटीत मी ती मागून घेतली आणि रकाने मोजले.

"सगळं लिहिलंय. औषधाचा रकाना कुठाय?"

बराच वेळ काही नाही. मग खाली बघत, "दोन महिने घेतलेलं न्हाई. कॅप्सूल घेतली की पोट जळतंय. वाटलं, अस्तर आणखी फाटतंय."

इतक्या भेटी मी खाण्याबद्दल ऐकत होते. वही मात्र न लिहिलेल्या गोष्टीबद्दल बोलत होती. पथ्य पाळणारा माणूस औषधही पाळत असेल, हे आपण गृहीत धरतो. दोषाचं ओझं वाहणारा बऱ्याचदा नेमकं उलटं करतो.

औषध होतं डायमिथाइल फ्युमरेट, आणि त्या ते सकाळी नुसत्या चहावर घेत होत्या. त्यानं पोटात आग आणि चेहऱ्यावर लाली येते, पहिल्या महिन्यात जास्त. पोटभर जेवणासोबत घेतल्यास त्रास कमी होतो. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. खंड पडल्यावर आपल्या मनानं पूर्ण डोस सुरू करायचा नाही; मेंदूविकारतज्ज्ञ आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून बहुधा १२० मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवतात. डाळी, भाकरी, भाज्या परत आणायच्या, कारण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना अन्नातले तंतू, म्हणजे फायबरच लागतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती मात्र खरंच सोडायला लावा.

पाचव्या भेटीला मी आत्यांनाही बोलावलं. दोष देणाऱ्या माणसाला काम द्यावं, हा माझा जुना हट्ट. सकाळची कॅप्सूल आता त्यांच्या भाकरी-आमटीनंतर जाते. मिसळीवरून दोघींचं अजून जमलेलं नाही.