रत्नागिरीचा आठवडा : आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

प्रश्न (मिरज) : आम्ही सहा जण, त्यात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. रत्नागिरीसाठी सात दिवस काढलेत. बघायच्या ठिकाणांची यादी बावीसवर गेली आहे. क्रम कसा लावायचा?

यादी बाजूला ठेवा आणि कालनिर्णय उघडा. किनाऱ्यावरचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. चुकीच्या वेळी गेलात की वाळूच दिसत नाही, गाडीत बसून परत यावं लागतं. कोकणात जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अमावास्या-पौर्णिमेला बारा, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आठवडा आखायला एवढं पुरतं.

अष्टमीच्या आसपास ओहोटी येते भर दुपारी बाराला आणि ऐन सूर्यास्ताला पाणी चढलेलं असतं. लहान मूल आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा आठवडा नको. तुमच्यासाठी वद्य त्रयोदशीला निघून शुद्ध चतुर्थीला परतणं उत्तम. अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते आणि उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे, समुद्राकडे हटतं. भाट्याच्या किनाऱ्यावर ओली, घट्ट, रुंद वाळू मिळते. आजोबांची काठी त्या वाळूत रुतत नाही. रुतते ती वरच्या कोरड्या वाळूत. पौर्णिमेच्या आठवड्यातही भरतीचं गणित हेच, पण तेव्हा वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी, मध्ये येते आणि गणपतीपुळ्याला रांग लागते. अंगारकी असेल तर तो दिवस पूर्ण सोडा.

मुक्काम तीनच ठेवा : पहिल्या तीन रात्री रत्नागिरी, पुढच्या दोन मालगुंड किंवा गणपतीपुळे, शेवटची गुहागर. रोज सामान बांधण्यात सकाळचे दोन तास जातात आणि सगळ्यात जास्त दमतात ती आजी.

रत्नागिरीत थिबा राजवाडा सोमवारी ठेवू नका, त्या दिवशी बंद असतो. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं. हा वाडा 1910 मध्ये पूर्ण झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. अर्धगोल खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम जवळून बघा. टिळकांचं जन्मस्थान आणि 1931 चं पतितपावन मंदिर एका सकाळी होतं. रत्नदुर्गावर गाडी बरीच वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेत. आई-वडिलांना भगवती मंदिरापर्यंतच न्या आणि दीपगृहाकडची चढउतार तरुणांनी करावी.

चौथ्या दिवशी गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा किनारी रस्ता सकाळीच धरा. ऊन तेव्हा पूर्वेकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून समुद्रावर पडतं आणि पाण्याचा रंग दिसतो. दुपारनंतर नुसतं डोळ्यांवर चकाकतं. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, तेव्हा मुलीला डावी खिडकी द्या. पुळ्याची डोंगराभोवतीची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे. अनवाणी चालायची असेल तर सकाळी नऊच्या आत करा, नंतर फरशी भाजते. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे तासभर द्या.

सहाव्या दिवशी सकाळी जयगडहून फेरीबोटीत गाडी चढवा आणि शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे तवसाळला उतरा. लांबचा वळसा वाचतो आणि मुलीच्या लक्षात राहील ते बहुधा हेच. त्या दिवशी तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास. दीडला हेदवीला पोहोचा. तिथल्या खडकातल्या बामणघळीत लाट घुसते आणि पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि लोक म्हणतात, एवढंच होय! मात्र शेवाळलेल्या ओल्या खडकावर पाय ठेवायचा नाही. कोरड्या खडकावरून, लांबूनच बघा.

प्रश्न (आष्टा) : बायकोला घाटात गाडी लागते. आंबा घाट चांगला की कुंभार्ली? रेल्वेने जाता येईल का?

मिरजेहून रत्नागिरीला थेट रेल्वे नाही. लोंढ्यावरून मडगाव आणि तिथून कोकण रेल्वे हा फार मोठा फेरा आहे. गाडीच बरी. जाताना कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा. सांगलीपासून साधारण 180 किलोमीटर. पाच तास धरा, काम चालू असलेल्या टप्प्यांत जास्त लागतील. येताना गुहागर, चिपळूण, कुंभार्ली, कोयनानगर, कऱ्हाड असे या. तोच घाट दोनदा लागत नाही. कुंभार्लीत अवजड ट्रक फार असतात, म्हणून तो दिवसाउजेडीच उतरा-चढा.

गाडी लागण्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी घाटात मळमळायला लागल्यावर घेतात आणि ती उलटून पडते. मलकापुरात चहाला थांबाल तेव्हाच ती घ्या, घाट लागेपर्यंत तिला वेळ मिळतो. निघताना पोट रिकामंही नको आणि मिसळीने भरलेलंही नको. कोरडी भाकरी किंवा चपाती ठीक. पुढच्या सीटवर बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर, मोबाइल पर्समध्ये. आलेपाकाची वडी हाताशी असू द्या. आणि चालवणाऱ्याने वळणावर ब्रेक न मारता वळणाच्या आधीच गिअर उतरवावा. निम्मी मळमळ त्या हिसक्यांची असते.

पूर्ण फेरा सुमारे 640 किलोमीटरचा होतो. लिटरला 15 चं अॅव्हरेज धरलं तर 43 लिटर पेट्रोल.

प्रश्न (सांगली) : आम्ही मित्र लहानपणापासून माई घाटावर पोहतो. पुरातही उड्या मारल्यात. समुद्राची एवढी भीती का घालतात?

कृष्णेत पोहता येणं आणि समुद्रात वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृपा करून हे मनावर घ्या, कारण बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. नदीची ओढ एका दिशेला असते आणि तुम्हाला ती ठाऊक असते. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. फसवणूक अशी की नेमकी तीच जागा शांत दिसते : दोन्ही बाजूंना पांढरा फेस, मध्ये फेस नसलेला गढूळसर पट्टा. नवखा माणूस तिथेच उतरतो.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका. दम संपतो आणि माणूस तिथेच बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत फेसाच्या दिशेला सरका आणि मग लाटेबरोबर बाहेर या. ते जमेना तर पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा. गणपतीपुळ्याला उतार तीव्र आहे आणि लाट परतताना पायाखालची वाळू सरकते. तिथे आणि आरे-वारेला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. उधाणाच्या दिवसांत, ओहोटी लागल्यावर किंवा दारू प्यायल्यावर तर अजिबात नको.

प्रश्न (तासगाव) : द्राक्षबाग आहे, घर सोडायला वेळ मिळतो तो माल उतरल्यावरच. तेव्हा जाऊन आंबेही आणता येतील का?

माल उतरल्यापासून खरड छाटणीपर्यंत, म्हणजे त्यानंतरच्या वेलींच्या छाटणीपर्यंत, बागेला विश्रांती असते, तेच दिवस धरा. मार्चअखेर समुद्र शांत असतो आणि उकाडा मे महिन्याइतका नसतो. आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथे कामाला येत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि माणूस लवकर गळतो. दुपारी बारा ते चार खोलीत राहा.

हापूस मात्र तेव्हा कमी आणि महाग असतो. मुबलक येतो तो एप्रिलअखेर ते मे. घ्यायचाच तर शेवटच्या दिवशी, कच्चा, थेट बागायतदाराकडून घ्या. देठाजवळ खांदे भरलेले हवेत. शंका वाटली तर बादलीत टाका : तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. पेटी बंद डिकीत उन्हात ठेवू नका, मागच्या सीटखाली सावलीत ठेवा. घरी पेंढ्यावर एकच थर लावा, तिसऱ्या दिवसापासून रोज हात फिरवून मऊ झालेले वेगळे काढा, आठवडाभरात पिकतात. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवला तर नीट पिकत नाही. आणि साका, म्हणजे गरातला पांढरा, न पिकलेला भाग, बाहेरून कळत नाही, त्यासाठी बागायतदाराशी भांडू नका.

प्रश्न (विटा) : 15 ऑगस्टला जोडून गेलं तर?

हिरवाईसाठी जा, समुद्रासाठी नको. 1 जूनपासूनची मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, तरी समुद्र खवळलेला असतो आणि ताजी मासळी बेताचीच मिळते. खराब हवेत फेरीबोट थांबते आणि घाटात दरड येते. म्हणून गुहागर वगळा, रत्नागिरीतच चार दिवस राहा, परतीला एक दिवस हाताशी ठेवा आणि कुळथाचं पिठलं, घावणे, उकडीचे मोदक पोटभर खा.