मिनीच्या ९९८ ब्लॉकमध्ये १०९८ चा क्रँक

प्रश्न : माझी मिनी १००० ही १९७२ ची आहे, इंजिन ९९८ सीसीचं. चढावर दम कमी पडतो. १२७५ चं इंजिन खिशाला परवडत नाही. एक जण म्हणतो, ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद कापून, मोठे पिस्टन घाल. दुसरा म्हणतो, १०९८ सीसी इंजिनाचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) बसव. कोणाचं ऐकू?

उत्तर : दुसऱ्याचं. मात्र त्याने अर्धंच सांगितलंय.

९९८ आणि १०९८, दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६४.५८ मिमी. फरक फक्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेचा : एकाचा ७६.२, दुसऱ्याचा ८३.७२ मिमी. म्हणजे जास्तीची शंभर सीसी सगळी क्रँकशाफ्टमधून येते, ब्लॉकला हात न लावता. उलट बोअर साठ थाऊने (इंचाच्या हजारांशाने), म्हणजे दीड मिमीने वाढवलात तरी पन्नासेक सीसीच हाती लागते आणि पुढच्या दुरुस्तीसाठी सिलिंडरच्या भिंतीत काही शिल्लक राहत नाही. बोअर गोल आणि सरळ असेल तर तो कापायला माझा सक्त विरोध आहे. असे ब्लॉक आता नव्याने ओतले जात नाहीत.

आता राहिलेलं अर्धं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड दोन्हीकडे ५.७५ इंचांचाच आहे. स्ट्रोक साडेसात मिमीने वाढला की पिस्टन त्याच्या निम्म्याने, पावणेचार मिमी, जास्त वर येतो. ९९८ चे पिस्टन तसेच ठेवलेत तर ते ब्लॉकच्या वर डोकं काढून थेट हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, भिडतील. १०९८ च्या पिस्टनमध्ये गजन पिनपासून (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीपासून) माथ्यापर्यंतचं अंतर म्हणूनच कमी आहे. तेव्हा क्रँक आणि पिस्टन एकाच इंजिनाचे घ्या, आणि मिळाले तर त्याचेच रॉडही.

क्रँक कुठला, हे नीट पाहा. मिनी क्लबमन १०९८ किंवा ऑस्टिन-मॉरिस ११०० चा, म्हणजे आडव्या बसणाऱ्या इंजिनाचाच हवा. मॉरिस मायनरचं इंजिनही १०९८ आहे, पण ती मागच्या चाकांनी चालणारी गाडी. तिच्या क्रँकच्या शेवटी फ्लायव्हीलसाठी फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची चकती, असते. मिनीला तिथे निमुळतं टोक लागतं आणि त्याच्या अलीकडे ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या प्रायमरी गिअरची जागा. एमजी मिजेट या स्पोर्ट्स कारच्या नंतरच्या १०९८ क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगवर फिरणारे भाग) तर दोन इंचांचे, तुमच्या ब्लॉकमध्ये पावणेदोन. विकणारा ‘सगळं एकच’ म्हणाला तरी व्हर्नियर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. क्रँकला तडा नाही ना, हेही मशीन शॉपमध्ये तपासून घ्या.

जोडताना हेड बसवण्याआधी इंजिन हाताने पूर्ण फिरवा. रॉड सिलिंडरच्या खालच्या कडेला किंवा कॅमशाफ्टला घासतो का, ते तेव्हाच कळतं. क्रँकचा एंड-फ्लोट, म्हणजे लांबीच्या दिशेने सरकण्याची मोकळीक, ०.०५ ते ०.०८ मिमीच्या आत ठेवा.

कॉम्प्रेशनचं गणित मात्र पुन्हा करावं लागेल. समजा पिस्टन पूर्ण वर असताना उरणारी जागा ३३ सीसी आहे. ९९८ मध्ये एका सिलिंडरचे सुमारे २५० सीसी, म्हणून गुणोत्तर, म्हणजे (२५० + ३३) भागिले ३३, ८.६. तीच जागा ठेवून सिलिंडर २७४ सीसीचा झाला की ते ९.३ वर जातं. ब्युरेटने (द्रव मोजायच्या काचेच्या नळीने) हेडमधले ज्वलनकक्ष मोजा, पिस्टनच्या माथ्यावरचा खोलगटपणाही धरा, आणि मगच गॅस्केट ठरवा. एसयू कार्ब्युरेटर तोच चालेल, त्यातली पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई बदलावी लागेल.

एक अपेक्षा मनातून काढून टाका : हे इंजिन वरच्या आरपीएमला पळणारं नाही. लांब स्ट्रोक, बारीक मेन जर्नल आणि तीनच मेन बेअरिंग. ५५०० च्या पुढे क्रँक लवायला लागतो. पण तुमची तक्रार चढाची आहे, आणि खालच्या आरपीएमला मिळणारी ओढ हीच १०९८ ची खरी कमाई.

प्रश्न : १०९८ वर १२७५ चं १२जी९४० हेड सरळ बसेल का?

उत्तर : बोल्ट बसतील, व्हॉल्व्ह अडतील. त्यातले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लहान बोअरच्या कडेवर येतात. ब्लॉकमध्ये त्यांच्यासाठी खोबणी कापावी लागते, आणि ती खोल गेली तर वरच्या पिस्टन रिंगपर्यंत पोचते. त्यापेक्षा एमजी ११०० चं १२जी२९५ शोधा. ते मुळातच याच बोअरसाठी आहे, कापाकापी लागत नाही.