'अंगूर'मधले चौघे

तुम्ही विचारलंय : जुन्या हिंदी विनोदी चित्रपटांपैकी असा कोणता, ज्याचं नाव चटकन कुणाच्या तोंडी येत नाही, पण जो कितीही वेळा पाहिला तरी शिळा वाटत नाही? आणि तो का टिकला?

माझं उत्तर आहे गुलजार यांचा १९८२ सालचा 'अंगूर'. विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की 'गोलमाल', 'चुपके चुपके', 'पडोसन' ही नावं आधी येतात आणि त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. 'अंगूर'चं नाव मात्र कुणीतरी आठवण करून दिल्यावर निघतं आणि मग सगळे म्हणतात, "अरे हो, काय पिक्चर होता तो!" मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण संजीवकुमार आणि देवेन वर्मा या दोन मुरलेल्या नटांनी त्यात जे केलंय ते हिंदी पडद्यावर क्वचितच झालंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. जुळे भाऊ, दोघांचंही नाव अशोक. त्यांचे नोकर, तेही जुळे, दोघांचंही नाव बहादूर. लहानपणी जहाजाच्या अपघातात जोड्या फुटतात. एक अशोक-बहादूर एका शहरात लग्नं करून संसाराला लागलेत. दुसरी जोडी द्राक्षाची बाग विकत घ्यायला, जवळ पैसे घेऊन, नेमकी त्याच शहरात उतरते. बाकी सगळा चित्रपट म्हणजे लोकांनी या जोडीला ती जोडी समजणं.

म्हणजे नट दोन आणि माणसं चार. डबल रोल आपल्याकडे नवीन नव्हता. त्याच वर्षी 'सत्ते पे सत्ता' आला. त्यात दुसरा अमिताभ ओळखू यावा म्हणून त्याला फिकट रंगाच्या लेन्स दिल्या होत्या. 'अंगूर'मध्ये अशी खूणगाठ कुठलीच नाही. लेन्स नाही, तीळ नाही, चालण्यात लंगडेपणा नाही. तरीही समोर आलेला अशोक गावातला की बाहेरचा, हे आपल्याला लगेच कळतं.

हे मला एकदा फार जवळून जाणवलं. चित्रपट लावला होता, मध्येच फोन आला म्हणून आवाज पूर्ण बंद केला आणि बोलता बोलता पडद्याकडे बघत राहिलो. शब्द एक ऐकू येत नव्हता, पण प्रत्येक वेळी कळत होतं की हा कोण. बाहेरचा अशोक खोलीत शिरला की आधी त्याची नजर कोपऱ्यांकडे जाते. मान कमी वळते, डोळे जास्त फिरतात. समोरचा जितका प्रेमाने बोलेल तितका हा आक्रसत जातो. गावातला अशोक तसा नाही. तो घरधनी आहे, बायकोशी हारावरून भांडून निघालेला आहे, त्यामुळे त्याच्या खांद्यांत राग आहे, हातात हक्क आहे. एकाच माणसाचं एकच शरीर, पण वजन दोन ठिकाणी पडतं. माझी बारा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. संजीवकुमार कोण हे तिला माहीतही नव्हतं. ती मात्र आवाज नसताना सांगत होती, "हा बाहेरचा... हा घरचा."

देवेन वर्मांचं काम तर मला याहून अवघड वाटतं. मालकाला निदान स्वतःचा स्वभाव आहे. नोकराला मालकाच्या स्वभावाचा पडसाद व्हायचं असतं. बाहेरचा बहादूर आपल्या अशोकच्या संशयावर पूर्ण विश्वास ठेवून जगतो. मालक घाबरला की हा आधीच घाबरलेला असतो. घरातून निसटायचं म्हणून भज्यांच्या पिठात भांग कालवायची, तर तेही काम तो मन लावून करतो. आणि भांगेच्या तारेत 'प्रीतम आन मिलो' म्हणतो तेव्हा चेहऱ्यावर केवढी खरी तळमळ! सी. एच. आत्मा यांचं हे जुनं गैरफिल्मी गाणं, चाल ओ. पी. नय्यर यांची, चित्रपटात ते सपन चक्रवर्तींच्या आवाजात आहे. विरहाचं इतकं गंभीर गाणं विनोदासाठी वापरायचं आणि गाण्याची जराही टिंगल होऊ द्यायची नाही, हे देवेन वर्मांनाच जमलं. या कामासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. पुण्याशी त्यांचं नातं जुनं होतं, २०१४ मध्ये ते गेले तेही पुण्यातच.

आता तुमच्या 'का टिकला' या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते याचं कारण असं, की या चित्रपटात एकही माणूस विनोद करत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी खरा आहे. सराफ म्हणतो, हार मी तुमच्या हातात दिला, त्याने दिलाय. अशोक म्हणतो, मला मिळाला नाही. त्याला मिळालेला नाही. बायकोला वाटतं नवरा रुसून परक्यासारखा वागतोय. तिच्यासमोरचा माणूस परकाच आहे. कुणी मूर्ख नाही, कुणी खोटारडा नाही. आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक नाही, एवढंच. म्हणून हसताना आपण कुणाला हिणवत नसतो. अशा विनोदाला वय लागत नाही.

गुलजारांनी पटकथेत एक गोष्ट फार हुशारीने केली. मूळ नाटक शेक्सपियरचं, 'द कॉमेडी ऑफ एरर्स'. तिथे परक्या गावात आलेल्या माणसाला अनोळखी लोक नावाने हाका मारतात, तेव्हा त्याला वाटतं की हे गाव जादूटोण्याचं आहे. १९८२च्या भारतात हे चाललं नसतं. गुलजारांनी त्याच्या हाती गुप्तहेर कादंबऱ्या दिल्या. रात्रंदिवस तेच वाचणारा माणूस. त्याला कुणी ओळख दाखवली की तो ठरवूनच टाकतो, ही गँग आहे, आपल्या पैशावर डोळा आहे. बघणाऱ्याच्या मनात येणाऱ्या 'याला जुळ्या भावाची शंका का येत नाही?' या प्रश्नाचं उत्तर यातच मिळून जातं. त्याच्याकडे आधीच दुसरं उत्तर तयार आहे! एवढ्या एका बदलावर अख्खा चित्रपट तोललाय.

ही गोष्ट तशी फार जुनी. रोमन नाटककार प्लॉटसकडे जुळ्यांची एकच जोडी होती. नोकरांची दुसरी जोडी शेक्सपियरने घातली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये 'भ्रांतिविलास' या नावाने ती बंगालीत आणली, पुढे १९६३ मध्ये त्यावर उत्तमकुमारांचा चित्रपट झाला. १९६८ मध्ये किशोरकुमार आणि असित सेन यांना घेऊन 'दो दूनी चार' निघाला, त्याची पटकथाही गुलजारांचीच. तो चालला नाही. चौदा वर्षांनी त्यांनी तीच गोष्ट स्वतः दिग्दर्शित केली. पडलेल्या चित्रपटावर इतका विश्वास ठेवणं मला मोठं वाटतं. २०२२ मध्ये 'सर्कस'ने हाच धागा पुन्हा उचलला, खर्चही मोठा केला, पण प्रेक्षक गेले नाहीत.

उणं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचा जहाजाचा भाग घाईत उरकलाय, आणि मौसमी चटर्जींची रडारड दोन-तीन ठिकाणी लांबते. पण चष्मा लावलेली दीप्ती नवल, अरुणा इराणी, आणि आपल्या पद्मा चव्हाण, सगळ्यांनी तो गंभीर चेहरा शेवटपर्यंत सांभाळलाय. एकानेही डोळा मारला असता तर डाव मोडला असता. तो हक्क फक्त शेवटी शेक्सपियरच्या तसबिरीला दिलाय.

तुम्ही पहिल्यांदा बघणार असाल तर गोष्टीबरोबर जा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा मात्र संजीवकुमार बोलत असतील त्या वेळी फक्त देवेन वर्मांकडे बघा. मालकाच्या वाक्याच्या मध्येच त्यांचे डोळे दाराकडे जातात, परत येतात, आणि मालकाचं वाक्य संपायच्या आत त्यांनी पळायची तयारी केलेली असते.