आधी फाइल बघ, मग बोट

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेल्या दोन्ही जाहिराती वाचल्या, फोटो मोठे करकरून पाहिले. एक बोट ग्रीसमधली, ३८ फुटी, तीन केबिनची, बरीच वर्षं चार्टर कंपनीकडे भाड्याने फिरलेली. दुसरी इथलीच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरमधली, २६ फुटी वेस्टर्ली सेंटॉर, तुझ्या जन्माच्या आधी बांधलेली. मन ग्रीसकडे ओढतंय आणि खिसा चिचेस्टरकडे, असं तू लिहिलंस. मला विचारशील तर खिशाचं ऐक. त्यात मन मारण्यासारखं फारसं काही नाही, ते सांगायलाच हे पत्र.

ग्रीसच्या जाहिरातीत नव्या गाद्या आहेत, नवा प्लॉटर, म्हणजे नकाशाचा पडदा आहे, कॉकपिटमध्ये स्पीकर आहेत. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कोणत्या साली बदलल्या, याबद्दल एक अक्षर नाही. त्या तारा दहा वर्षांच्या वर गेल्या की विमा कंपन्या कुरकुरायला लागतात, आणि ३८ फुटी बोटीच्या तारा बदलणं म्हणजे किरकोळ खर्च नाही. त्या बोटीचं इंजिन सेलड्राइव्हचं आहे. त्याचा पाय तळातून थेट पाण्यात उतरतो आणि समुद्र आत येऊ नये म्हणून तिथे एक रबरी पडदा असतो. व्होल्वो पेंटा तो सात वर्षांनी बदला म्हणते. जाहिरातीत त्याचंही नाव नाही. चिचेस्टरच्या बोटीच्या मालकाने, त्या म्हातारबांनी, फोटो अगदीच भिकार काढलेत, पण त्यातला एक फळ्या उचलून काढलेला आहे, खालच्या बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेचा. पुसलेला, कोरडा. बोटीच्या सगळ्या भानगडी शेवटी तिथेच येऊन साठतात. तिथला फोटो आपणहून टाकणाऱ्या माणसाशी बोलायला मला आवडेल.

चार्टरच्या बोटी सरसकट वाईट नसतात. कंपनी नीट असेल तर इंजिनाचं तेल तरी वेळच्या वेळी बदललेलं असतं. पण तिथे दर आठवड्याला नवा कप्तान. कोणी खडकाला घासतो, कोणी धक्क्यावर आपटतो, ठेवीतून पैसे कापले गेले की विषय संपला. त्याची नोंद तुझ्यापर्यंत येईलच असं नाही.

ही नोंद का हवी, ते ऐक. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' नावाची ४० फुटी शर्यतीची बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परत येत होती. भर अटलांटिकमध्ये तिचा कणा, म्हणजे तळाखालची जड कील, निखळला आणि चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचा अहवाल वाच. ती आधी तळाला लागली होती, नंतर दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि या सगळ्यामुळे कण्याजवळचा भाग कमकुवत झाला असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. वरून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसणं अवघड होतं. म्हणून कुठलीही बोट बघायला गेलीस की पहिला प्रश्न हा टाक: ही कधी तळाला लागली होती का, आणि त्यानंतर काय केलंत? सोलंटमध्ये, म्हणजे इथल्या किनाऱ्याच्या आणि आइल ऑफ वाइटच्या मधल्या समुद्रात, वर्षानुवर्षं बोट हाकून 'छे, कधीच नाही' म्हणणारा एक तर मूरिंग, म्हणजे बोट बांधायची जागा, सोडून बाहेर पडलेला नाही, नाही तर थापा मारतोय. सोलंटच्या मधोमध ब्रॅम्बल बँक म्हणून वाळूचा पट्टा आहे. वर्षातल्या एका मोठ्या ओहोटीला तो उघडा पडला की दोन यॉट क्लबांची मंडळी तिथे उतरून क्रिकेटचा सामना खेळतात. एरवी तोच पट्टा पाण्याखाली भल्याभल्यांची वाट बघत असतो.

आता सेंटॉरबद्दल. लॉरेंट जाइल्स अँड पार्टनर्सचं डिझाइन, १९६९ ते १९८० या काळात २,४०० च्या वर बोटी बांधल्या गेल्या. कंपनी कधीच बंद पडली, पण वेस्टर्ली मालकांची संघटना अजून चालू आहे आणि कुठला पार्ट कुठे मिळेल हे सांगणारं कोणी ना कोणी तिथे भेटतंच. या बोटीला एकाऐवजी दोन कणे आहेत, डावी-उजवीकडे, आणि तिला तरंगायला तीन फूट पाणी पुरतं. ओहोटीला पाणी निघून गेलं की ती चिखलात दोन्ही कण्यांवर सरळ उभी राहते. स्टोव्हवर भात शिजत राहतो आणि पोरं शिडीवरून उतरून खेकडे शोधतात. शर्यतीत ती कोणाला हरवणार नाही, वाऱ्याच्या तोंडावर तर रेंगाळतेच. पण सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना आइल ऑफ वाइटवरच्या न्यूटाउन क्रीकच्या खाडीत नांगर टाकून दोन दिवस राहायला मिळालं तर बोट किती नॉट वेगाने धावते हे ती विचारणार नाहीत.

पण तिचा कच्चा दुवाही त्या जुळ्या कण्यांतच आहे. कणे चिखलात रुततात, वरून लाटा बोटीला हलवतात, आणि इतक्या वर्षांचा तो पीळ कण्यांच्या बोल्टांवर आणि भोवतीच्या फायबरवर येतो. काही मालकांनी आतून जादा फायबर चढवून तो भाग मजबूत करून घेतलाय. इथेही केलं असेल तर उत्तम, मात्र तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस, बिल माग. म्हणून म्हणतो, पहिल्या भेटीत बोटीवर चढायच्या आधी फाइल मागायची. जुना सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाने केलेल्या तपासणीचा अहवाल, तारांचं बिल, शिडं कधी शिवली, इंजिनाच्या नोंदी. सांभाळणाऱ्याची फाइल जाडजूड आणि डाग पडलेली असते. 'सगळं माझ्या डोक्यात आहे' म्हणणाऱ्याचा चहा प्यायचा आणि घरी यायचं.

बोटीवर चढलीस की कॅमेरा खिशात ठेव, टॉर्च काढ. इंजिनाचं झाकण उघडून आधी हात लाव. गरम लागलं तर तुझ्या येण्याआधी कोणीतरी ते चालवून ठेवलंय. का, ते विचार. थंड इंजिन कसं सुरू होतं, हेच तर तुला बघायचंय. सुरुवातीला थोडा धूर चालतो. निळा येतच राहिला तर तेल जळतंय, काळा असेल तर इंधन पुरतं जळत नाहीये. तेलाची काडी काढ. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, पुढचं काही बघू नकोस.

मग सीकॉक. बोटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात: इंजिन थंड करायला पाणी घेणारं, सिंकचं, संडासाचं. प्रत्येकावर एक झडप असते. सेंटॉरवर मोजून काढ आणि प्रत्येकीची मूठ स्वतः फिरव. फिरत नसेल तर पाइप फुटल्यावरही ती फिरणार नाही. त्यानंतर चाकूच्या टोकाने धातू जरासा खरवड. आत पिवळा लखलखीत निघाला तर ठीक. गुलाबीसर निघाला तर पितळातलं जस्त निघून गेलंय, उरलेलं जाळीदार तांबं एके दिवशी बुटाच्या धक्क्याने तुटेल. माझं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, ही गुलाबी छटा मी अजूनही झोपेत ओळखीन. प्रत्येक झडपेशेजारी दोरीने बांधलेला लाकडी बुच दिसला तर मालकाला मनातल्या मनात दोन गुण वाढव.

गॅसची टाकी कुठे ठेवली आहे ते बघ. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. टाकीच्या कप्प्याची मोरी थेट बोटीबाहेर निघायला हवी. मुलं झोपणार त्या केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पहिल्या दिवशी तोच घे.

छताचं रेक्झिन लोंबत असेल, त्यामागचा फोम पिठासारखा अंगावर पडत असेल. वेस्टर्लीचा हा जुनाच रोग आहे. जिवाला धोका नाही, भाव पाडायला उपयोगी. ऑस्मोसिसबद्दल लोक तुला फार घाबरवतील. फायबरमध्ये हळूहळू पाणी मुरतं आणि तळाला फोड येतात, फोडला तर आतलं पाणी आंबूस वासाचं. जुन्या बोटीत थोडंफार असायचंच, त्याने बोट सहसा बुडत नाही. पण पूर्ण इलाज करायचा म्हटलं तर या बोटीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातील, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. किती झालंय ते सर्व्हेयर सांगेल.

पैशांचं म्हणशील तर जुनं सेंटॉर काही हजार पौंडांत मिळतं, तिथे तुला अडचण नाही. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी खर्च धरा, असं इथले लोक सांगतात. स्वस्त बोटीला तो हिशोब लागू पडत नाही. मरिना, क्रेन, तळाचा रंग, हे सगळं फुटावर आकारलं जातं, तू बोट कितीला घेतलीस हे कोणी विचारत नाही. ३८ फुटांचा हत्ती दारात बांधला की तो रोज खाणार. दोन कण्यांच्या बोटीला ओहोटीत कोरडं पडणारं स्वस्त मूरिंग चालतं, हा सेंटॉरचा सगळ्यात मोठा फायदा. मात्र ठरवण्याआधी एकदा भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला जाऊन बघ. काही मूरिंगांवर त्या दिवसांत बोट तरंगण्याइतकं पाणीच चढत नाही, नेमकी तुझी सुट्टी असते आणि बोट चिखलात.

ग्रीसच्या बोटीला आणखी एक गाठ आहे. तुम्हा चौघांचे पासपोर्ट अजून भारतीय. बोट तिथेच ठेवलीत तर दर वेळी शेंगेन व्हिसा, आणि तोही १८० दिवसांत ९० दिवसांच्या हिशोबात. इकडे आणायची तर आता आयात म्हणून व्हॅटचं लफडं. उद्या सेंटॉर घेऊन फ्रान्समधल्या शेरबूर्गला जावंसं वाटलं तरी व्हिसा लागेलच, शिवाय निघण्याआधी इथल्या बॉर्डर फोर्सला कळवावं लागेल. आइल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून तिथवर सुमारे ६० सागरी मैल, मोठ्या जहाजांची वर्दळ ओलांडून, पाच नॉटने धरलं तर बारा तास. पहिल्या वर्षी तो विषय काढूच नकोस. यार्मथ, बेंब्रिज, बोशम ही जवळची बंदरं पुष्कळ आहेत.

बोट छोटी पडेल ही तुझी भीती मला समजते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहेली' ३२ फुटी होती, आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. अर्थात त्यांच्याबरोबर दोन पोरं आणि उलट्या करणारा नवरा नव्हता. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले, तेव्हा 'म्हादेई' गोव्याच्या यार्डात बांधली जात असल्यापासून ते तिच्याबरोबर होते. कुठली वायर कुठून जाते हे त्यांना ठाऊक होतं. तुला ते भाग्य नाही. म्हणून ज्याला आपल्या बोटीची वायर न् वायर ठाऊक आहे, त्याच्याकडून घे, आणि पैसे देण्याआधी त्याच्याबरोबर एक अख्खा दिवस काढ. बोलकी माणसं असतात ही, थांबवावं लागतं.

नवऱ्याला पहिल्या भेटीपासून बरोबर ने. केबिनमध्ये त्याला ताठ उभं राहता येतं का, तुमच्या बर्थवर पाय पुरतात का, हे त्याने बघावं. तू डे स्किपर झालीस, म्हणजे दिवसा बोट हाकण्याचं प्रमाणपत्र तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. पण शनिवारी सकाळी 'चल' म्हटल्यावर तो उठला नाही तर बोट मूरिंगवरच राहील. त्याला पहिल्या चार वेळा वाऱ्याच्या मागून जाणाऱ्या छोट्या फेऱ्यांनाच ने आणि आत खाली बसू देऊ नकोस.

कागदांत घोळ घालू नकोस. ब्रोकर कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस, कमिशन त्याला तिकडून मिळतं. सर्व्हेयर तू निवडायचा, पैसे तू द्यायचे, अहवाल तुझ्या नावाने घ्यायचा. ब्रोकरने सुचवलेला नको. मान्य किमतीच्या दहा टक्के ठेव द्यायची ती 'सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक ठरली तर' या अटीवर, आणि अट लेखी हवी. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा करारनामा वापर, स्वतः काही लिहीत बसू नकोस. छोट्या जहाजांच्या नोंदणीचा कागद दाखवून 'ही माझी मालकी' कोणी म्हणालं तर भुलायचं नाही, त्या नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही. एकापासून दुसऱ्यापर्यंतची विक्रीपत्रं सलग माग. बोटीवर कर्ज नाही हे विक्रीपत्रात लिहून घे.

म्हातारबांना या आठवड्यातच फोन कर. भाव फोनवर काढू नकोस, आधी बघून ये. क्रेनने बोट उचलण्याचा दिवस ठरला की मला कळव, मी हातोडी आणि भिंग घेऊन येतो. सर्व्हेयरच्या कामात लुडबुड करणार नाही, पण कण्याचे बोल्ट मला स्वतः बघायचेत. मुलांना गमबूट घाल. आणि डबा आण. तिथल्या यार्डात चहा बरा मिळतो, खायला काही नाही.

तुझा,
काका