भांडण लिनक्स-विंडोजचं, प्रश्न करिअरचा

ताई, नमस्कार.

‘जेवायला बसले तरी दोघांचं गिगाहर्ट्‌झ चालूच असतं,’ हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, कट्टर भक्त. तुमचा भाचा विंडोजवाला, वर ‘माझा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्‌झचा’ अशी त्याची मिजास. आता मुलाला त्याच्यापेक्षा वेगवान लॅपटॉप हवाय. यात वेळ वाया जातोय का, की यातून काही करिअर निघेल, असं तुम्ही विचारलंय.

वाद घालण्यात गैर काहीच नाही. या क्षेत्रातला एक गाजलेला वाद तर एका विद्यार्थ्याचाच आहे. १९९२ मध्ये अँड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे, असं जाहीरपणे लिहिलं. लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकत होता. त्यानं तिखट उत्तर दिलं. पण तो ज्या मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर शिकला होता, ती टॅननबॉम यांनीच लिहिलेली होती, आणि लिनक्स त्यानं स्वतः लिहायला घेतली होती. दोघांनाही आतला कोड पाठ. (पुढे लिनक्स सुपरकॉम्प्युटरांत पोचली आणि मिनिक्स इंटेलच्या चिपांत गुपचूप चालत असल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. हरलं कोण, सांगा!)

तुमची मुलं अजून तिथवर आलेली दिसत नाहीत. ती आकड्यांवर भांडताहेत, आणि आकडा फसवा असतो. मीही एकदा फसलोय. मेगाहर्ट्‌झ बघून कॉम्प्युटर घेतला, पण रॅम इतकी तुटपुंजी की हार्ड डिस्कचा लाल दिवा विझायलाच तयार नसायचा. प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसलेला.

गिगाहर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदात घड्याळाचे किती ठोके. एका ठोक्यात काम किती होतं, ते त्यात कुठेच दिसत नाही. इंटेलचा पेंटियम ४ पार ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत गेला. ४ गिगाहर्ट्‌झचा जाहीर झालेला बेत २००४ मध्ये रद्द करावा लागला, कारण वेग वाढवावा तशी वीज आणि उष्णता आवरेना. दोन वर्षांनी आलेला इंटेलचाच कोअर २ ड्युओ ३ गिगाहर्ट्‌झच्याही आतला होता, तरी त्यानं पेंटियमला मागे टाकलं. त्याचा एकेक ठोका जास्त काम उरकत होता. तेव्हा दोन वेगळ्या घराण्यांतल्या चिपांचे गिगाहर्ट्‌झ शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही, हे भाच्याला सांगाच.

मुलाची आवड किती खोल आहे, हे बघायला मी असल्या मुलांना एक प्रयोग देतो. सी भाषेत ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभांची आकड्यांची सारणी घ्यायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. एकदा ओळीनं, एकदा स्तंभानं. कंपायलरचं (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे आपणहून वेग वाढवणं, बंद ठेवायचं. प्रोसेसर तोच, ऑपरेटिंग सिस्टिम तीच, उत्तरही तेच. पण स्तंभानं चाललं की कित्येक पट वेळ लागतो. कारण मेमरीतून एकटा आकडा येत नाही, सहसा त्याच ओळीतल्या शेजारच्यांसकट ६४ बाइट्सचा गठ्ठा कॅशेत, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, येतो. ओळीनं गेलं तर तो सगळा कामी येतो. स्तंभानं गेलं तर त्यातला एक वापरून पुढच्यासाठी पुन्हा मेमरीचं दार ठोठवावं लागतं, आणि तिथून उत्तर यायला ठोक्यांच्या हिशोबात शेकडो ठोके जातात.

हे बघून ‘बरं, मग?’ म्हणाला, तर काळजी नको. सॉफ्टवेअरमध्ये इतर कामं पुष्कळ आहेत. पण रात्री उशिरापर्यंत सारणी लहान-मोठी करत बसला, तर समजा की मुलगा सिस्टिम्सचा आहे. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिणं, एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर), कंपायलर, सर्व्हरची कामगिरी सुधारणं, चिपचं डिझाइन आणि पडताळणी ही त्या अंगाची कामं. चिपकडे वळायचं तर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि व्हेरिलॉग ही चिपची रचना लिहायची भाषा टाळून चालत नाही. या वाटेवर शिकायला वेळ लागतो, आणि सुरुवातीला दाखवण्यासारखं काही हाती नसतं. वेबसाइट बनवणारे मित्र पहिली दोन वर्षं पुढे वाटतील. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे विषय मुलं पासापुरते करतात, त्यानं ते नीट करावेत. एमआयटीनं शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही काही हजार ओळींची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ती वाचायला घेऊ दे.

कोणती सिस्टिम श्रेष्ठ, यावर मी निकाल देणार नाही. सर्व्हरवर आणि एम्बेडेडमध्ये काम करायचं तर लिनक्स यावीच लागते. विंडोजचं कर्नल लिहिणाऱ्यांनाही पगार मिळतो. शिवाय २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय आहे, म्हणजे भाच्याचाही एक बहाणा गेला.

नवा लॅपटॉप आत्ता नको. आहे त्यात अजून हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (तिच्याहून वेगवान साठवण) बसवा, जागा असेल तर रॅम वाढवा. वर सांगितलेलं सगळं त्यावर होतं.

प्रयोग झाला की पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, दोन्ही वेळा किती सेकंद लागले ते आकडे घालून. भाच्याच्या ५ गिगाहर्ट्‌झवरचे आकडेही मागवा.