तेल पूर्ण बंद केलं तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) कमी होतात का? आणि रोजच्या जेवणात कोणतं तेल वापरावं?

तेल बंद करून त्याच्या जागी काय खाता त्यावर आहे सगळं. आमच्या घरात तर उलटे वाढले, आणि खापर माझ्यावर फुटलं.

आम्ही लातूरकडचे. सासऱ्यांना भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार, एवढं असलं की बाकी काही नको. त्यांचे ट्रायग्लिसराइड तीनशेच्या वर आले तेव्हा पुण्याहून दीर आले आणि फर्मान काढलं, आजपासून अण्णांना तेलाचा थेंब नाही. डबा थेट माळ्यावर. मी बायोकेमिस्ट्री शिकलेली, कॉलेजात शिकवलेलीसुद्धा, पण घरात वहिनीला कोण विचारतंय! अण्णा कोरडी भाकरी तशीच ताटात ठेवायचे आणि मग भूक लागली की साखरेचा चहा, टोस्ट, खारी, वर भावोजींनीच आणून ठेवलेला डब्यातला ज्यूस. पुढच्या रिपोर्टात आकडा वाढलेला, आणि भावोजी फोनवर म्हणतात, "वहिनी, तुम्ही गुपचूप फोडणी देत असणार."

आता ऐका. गरजेपेक्षा जास्त साखर पोटात गेली की लिव्हर तिचं अ‍ॅसिटिल कोए (दोन कार्बनचा तुकडा) करतं आणि दोन-दोन कार्बन जोडत १६ कार्बनचं पाल्मिटिक नावाचं फॅटी अ‍ॅसिड बनवतं, मग अशी तीन फॅटी अ‍ॅसिडं एका ग्लिसरॉलला चिकटली की झालं ट्रायग्लिसराइड, ते रक्तात सोडलं जातं आणि तुमच्या रिपोर्टात दिसतं. म्हणजे तेलाचा थेंब न खाता! बरं, एवढ्यावर थांबत नाही. लांब साखळीच्या फॅटी अ‍ॅसिडला जळायला मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, जावं लागतं आणि तिथे शिरायला कार्निटाइन नावाच्या वाहकाचा गेटपास लागतो. नवीन चरबी बनताना मध्ये जे मॅलोनिल कोए तयार होतं ते हा पासच अडवून ठेवतं, त्यामुळे बनवणं चालू आणि जाळणं बंद. आणि खारीचे ते पदर सुटतात ते वनस्पती तूप (डालडा) नाहीतर मार्जरीनमुळे, ते भावोजींच्या हिशोबात तेल नव्हतंच.

पूर्ण बंदचं म्हणाल तर १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने अमेरिकेत उंदरांना अजिबात फॅट नसलेलं खाणं देऊन पाहिलं होतं, त्यांची वाढ खुंटली, कातडी आणि शेपटीला खपल्या धरल्या. त्यांना कमी पडलेलं लिनोलेइक नावाचं फॅटी अ‍ॅसिड आपलंही शरीर बनवू शकत नाही, खाण्यातूनच यावं लागतं, आणि आपल्या जुन्या करडईच्या तेलात ते सत्तर टक्क्यांच्या वर असतं. माळ्यावर नेमकं तेच गेलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी साखर आणि ज्यूस बंद केला, रोज चालायला लावलं, गोळी दिली. तेल मी मोजून परत सुरू केलं आणि आकडा उतरला. भावोजी अजून म्हणतात गोळीने उतरला. असेल, गोळीचा वाटा असेलच, पण मग फोडणीचा आरोप मागे घ्या ना!

कोणतं तेल म्हणाल तर करडई वरून घ्यायला उत्तम, तळायला नको, दुहेरी बंध जास्त म्हणून तापवलं की लवकर खराब होतं. तळणीला शेंगदाणा बरा, त्यात एकच दुहेरी बंध असलेलं ओलेइक जास्त. ओमेगा ३ या दोन्हींत जवळपास नाहीच, त्यासाठी जवसाची चटणी करा. आणि बाटलीवर कोलेस्टेरॉल फ्री लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, वनस्पतीच्या तेलात ते नावालाही नसतं.

हां, कुठलंही तेल घ्या, ग्रॅमला ९ कॅलरी आहेतच, त्यामुळे धार म्हणजे चमचाभर, वाटीभर नाही. आणि ट्रायग्लिसराइड हजाराच्या आसपास गेले असतील तर गोष्ट वेगळी, स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, तेव्हा डॉक्टर सगळंच फॅट खरोखर कमी करायला लावतात, तिथे माझं ऐकू नका. भावोजी, तुम्ही हे वाचत असाल तर फक्त एवढंच वाक्य फॅमिली ग्रुपवर टाकू नका.